जात की स्त्री? १९१६ चा निबंध काय सांगतो

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा बाबासाहेब ‘जात’ या घटकात होते, ‘लिंगभाव’ या घटकात नव्हते. ही वाटणीच चूक. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला, तोही मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात! नवरा मेला की बाई जातीत ‘जादा’ ठरते. ती जातीबाहेर लग्न करील ही भीती. म्हणून सती, सक्तीचं वैधव्य. विधुराला मात्र अल्पवयीन मुलगी. बाईच्या लैंगिकतेवर पहारा बसवल्याशिवाय जात टिकत नाही, हे त्यातून उघड होतं. शर्मिला रेगे यांनी २०१३ च्या पुस्तकात हा निबंध स्त्रीवादी वाचनासाठी पुन्हा पुढे आणला. तरी स्त्री अभ्यासात संशोधन करणाऱ्या आपल्या मुलींना अजून विचारलं जातं, तुझा विषय नक्की कोणता, जात की स्त्री?