हरणाची किंमत कोण ठरवणार?

विंचूरच्या माणसाला हरणाची गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्याच निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या नांदूरमधमेश्वरला मृगव्याधेश्वराचं मंदिर आहे. मारीच राक्षस सोन्याच्या हरणाचं रूप घेऊन आला, तेव्हा रामाने त्याच्यावर इथूनच बाण सोडला, असं या भागात सांगतात. हरणाची काया पडली ते कायगाव आणि बाणाचं टोक पडलं ते टोका, अशी जोडही देतात. श्रद्धा ज्याची त्याची. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या भागातली धनुष्यबाणाची सर्वांत प्रसिद्ध शिकार ही शिकारीची किंमत सांगणारी कथा आहे. सोन्याचं हरीण हाती लागलं नाही, आणि इकडे सीतेला नेलं गेलं.

आपल्याकडचं हरीण म्हणजे मुख्यतः काळवीट. ते दाट जंगलात राहत नाही, मोकळ्या गवताळ माळावर कळपाने राहतं. बाणाने जनावर मारायचं तर पाऊणशे-शंभर हातांवर पोचावं लागतं. उघड्या माळावर आडोसा नाही, आणि काळवीट पळायला लागलं की घोडाही मागे पडतो. म्हणून एकट्या तिरंदाजाने कळप संपवले, असं सहसा होत नसे. माणसाने मग दुसरे उपाय काढले. फासेपारध्यांनी जमिनीवर फासे मांडून कळप हाकायचं तंत्र वापरलं. राजेरजवाड्यांनी चित्ते पाळले.

आपण बोलताना ‘पारध’ आणि ‘शिकार’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पहिला संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. पण इतिहासात दोन्हींमागची माणसं वेगळी दिसतात. एक पोटासाठी रानात जाणारा, दुसरा शौकासाठी.

शौकाचा हिशेब बादशहांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १५६७ मध्ये अकबराने लाहोरजवळ कमरगाह मांडला. हजारो माणसांनी रान वेढून जनावरं आत हाकत आणली आणि बादशहाने पाच दिवस बाण, तलवार, भाल्याने शिकार केली. जहांगीरने तर कारकुनांना आकडाच काढायला लावला. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्याच्या अकराव्या वर्षाअखेरपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरं आणि पाखरं मारली वा पकडली गेली. त्यांतली १७,१६७ त्याने स्वतः मारली. त्या यादीत वाघ, हरणं, पाखरं सगळी आहेत. रान हाकायला आणलेल्या रयतेचे दिवस मात्र नाहीत.

गंमत म्हणजे या दोघांनाही शिकारीचं ओझं वाटलं होतं. १५७८ मध्ये भेऱ्याजवळ कमरगाह तयार असताना अकबराने तो अचानक थांबवला आणि जनावरं सोडून दिली. जहांगीरने आपल्या लाडक्या हरणाच्या आठवणीत आजच्या पाकिस्तानात शेखुपुऱ्याला हिरन मिनार बांधला आणि तिथल्या हरणांच्या शिकारीला बंदी केली. पुढे आपल्या हाताने जीव न मारण्याचा नवसही त्याने केला, पण तो आयुष्यभर टिकला नाही.

कळपांचा खरा घात त्यानंतर झाला. इंग्रजी अमदानीत बंदूक पसरली, मग जीप आणि रात्रीचे झोत आले. त्याच काळात माळ नांगराखाली गेले. भारतातले चित्ते इतके कमी झाले की कोल्हापूरच्या संस्थानाने काळविटाच्या शिकारीसाठी ते आफ्रिकेतून आणवले. १९७० च्या दशकात देशभरात २२ ते २४ हजारच काळविटं उरल्याचा अंदाज होता.

याची शिक्षा कुणाला झाली? १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी त्यात अडकले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिलं, ते गरजेचंच होतं. पण पारध्याचा पिढीजात धंदा त्याने बंद केला, आणि बदल्यात जमीन किंवा काम फार थोड्यांच्या हाती आलं. चित्ते पाळणाऱ्या संस्थानिकांवर असा शिक्का कधी बसला नाही.

कायद्याचा उपयोग झाला. २००० च्या सुमारास देशातली संख्या ५० हजारांच्या आसपास गेली. विंचूरहून येवल्याला जावं आणि तिथून पुढे राजापूर-ममदापूरकडे वळावं, तर आजही कळप दिसतात. ममदापूरचा माळ आता संवर्धन राखीव आहे.

मात्र हा पट्टा कोरडवाहू आहे. मूग-सोयाबीनला कोंब फुटले की कळप रात्रीत शेतात उतरतो. कुंपण परवडत नाही, दुबार पेरणी परवडत नाही. उन्हाळ्यात हीच हरणं पाण्यासाठी भटकत विहिरीत पडतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. वैतागलेला शेतकरी म्हणतो, थोडी मारायला परवानगी द्या.

अमेरिकेचं उदाहरण मग हमखास पुढे येतं. तिथे १९०० च्या आसपास पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखच उरली होती, आज ती काही कोटी आहेत. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीचा खास हंगाम सुरू केला. १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुकांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखला, पुढे धनुष्यबाणांवरही तो बसला. म्हणजे तिथला शिकारी परवान्याचे आणि कराचे पैसे मोजतो, आणि हरणं कोट्यवधी आहेत. आपल्याकडे अख्ख्या देशात हजारांच्याच घरात, तीही तुटक तुटक माळांवर. शिंगांच्या हौसेपायी पहिला बळी कळपातल्या सर्वांत दमदार नराचा जाईल. पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचेल याची हमी कोण देणार? माझ्या मते इथे ही शिकार परवडणारी नाही.

इस्लाममध्ये अन्नासाठी शिकार जायज आहे, पण तिला शिस्त आहे. बाण अल्लाहचं नाव घेऊन सोडायचा. बाण लागलेलं जनावर पाण्यात पडून मेलेलं सापडलं तर खायचं नाही, कारण ते बाणाने मेलं की पाण्याने, हे सांगता येत नाही. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करण्याची मनाई हदीसमध्ये स्पष्ट आहे. आणि सूरह माइदा सांगते की इहराममध्ये असताना कुणी जाणूनबुजून शिकार मारली तर भरपाई द्यावी. त्याच्या तोडीचं पाळीव जनावर कुर्बान करावं, गरिबांना जेवू घालावं किंवा तितके रोजे ठेवावेत. तोडीचं जनावर कोणतं, हे शिकाऱ्याने ठरवायचं नाही. ते दोन न्यायी माणसांनी ठरवायचं.

हा नियम इहरामपुरता आहे, हे खरं. पण त्यातला न्याय मला आपल्या माळावरही लागू वाटतो. बादशहाची शिकार रयतेच्या खर्चाने झाली, आणि आज हरणाचं रक्षण येवल्याच्या शेतकऱ्याच्या खर्चाने होतं. हरीण जगावं ही साऱ्या समाजाची इच्छा असेल तर बिलही साऱ्या समाजाने भरलं पाहिजे. पंचनामा कोंब वाळायच्या आत व्हावा, भरपाई पुढच्या पेरणीआधी मिळावी, माळावर पाणवठे आणि गवत राखावं. आणि हे राखणीचं काम पारध्यांच्या पोरांना पगारावर द्यावं. हरणाची पायवाट त्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या वाचली आहे.