‘गेला असेल कुठेतरी’ : बेपत्ता माणूस आणि हौशी शोधक

जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावात पहिल्या बळीचे नाव नाही. पुण्यात १९७६-७७ साली दहा माणसे मारली गेली. त्यांतली तीन जोशी कुटुंबातली आणि पाच अभ्यंकरांच्या घरातली. उरलेल्या दोघांपैकी एक होता प्रकाश हेगडे. तो सर्वांत आधी मेला आणि त्याचा मृत्यू सर्वांत शेवटी उघड झाला. मधल्या चौदा महिन्यांत तो जगाच्या दृष्टीने ‘बेपत्ता’ होता. या प्रकरणावर पुस्तके आली, ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला, आणि अलीकडे मोबाइलवर ऐकण्या-पाहण्याच्या कथांत तर ते दर महिन्याला कुणी ना कुणी नव्याने सांगत असते. बहुतेक कथनांत हेगडेचा भाग दोन-चार वाक्यांत उरकतो. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखे सर्वाधिक त्याच भागात आहे. बेपत्ता माणसाच्या खुनाचा शोध घ्यायला हौशी मंडळी हल्ली मोठ्या संख्येने सरसावत असताना तो भाग पुन्हा वाचायला हवा.

आधी घटनाक्रम. पुण्याच्या टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयातले राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे विद्यार्थी. हेगडे त्यांचाच वर्गमित्र. त्याच्या वडिलांचे महाविद्यालयाजवळ हॉटेल होते. १५ जानेवारी १९७६ रोजी थाप मारून त्याला कर्वे रस्त्यावरच्या जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेण्यात आले. तिथे त्याच्याकडून वडिलांच्या नावे एक चिठ्ठी लिहून घेतली : मी घर सोडून जात आहे. दुसऱ्या रात्री त्याला पेशवे पार्कात नेऊन नायलॉनच्या दोरीने गळा आवळण्यात आला. प्रेत लोखंडी पिंपात घातले, वर दगड भरले आणि पिंप तळ्यात सोडून दिले. त्यानंतर वडिलांकडे खंडणीची चिठ्ठी गेली.

पुढचे सारे सर्वांना ठाऊक आहे. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीत जोशी पती-पत्नी आणि त्यांचा मुलगा. २२ नोव्हेंबरला शंकरशेट रस्त्यावरील एका घरात फसलेला हल्ला. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात वृद्ध दांपत्य, नातू, नात आणि घरकाम करणाऱ्या बाई. २३ मार्च १९७७ रोजी आणखी एक ओळखीचा तरुण, अनिल गोखले. त्याचे प्रेत लोखंडी शिडीला बांधून, दगडांचे ओझे लावून बंडगार्डनजवळ नदीत टाकले होते. पण ते दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला, वर आले. आणीबाणी उठून तीन दिवस झाले होते आणि त्याच दिवशी दिल्लीत मोरारजी देसाई पंतप्रधानपदाची शपथ घेत होते. शोध घेणाऱ्या पोलिसांच्या नजरेत भरली ती प्रेताला बांधलेली दोरी आणि तिच्या गाठी. तशाच गाठी आधीच्या दोन्ही घरांत सापडल्या होत्या. या मित्रमंडळींची चौकशी सुरू झाली, त्यांचे जबाब एकमेकांशी जुळेनात, आणि अखेर त्यांच्याच भोवतालच्या मुलांनी तोंड उघडले. हेगडेच्या वेळी हजर असलेला एकजण पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या सांगण्यावरून तळ्यातले पिंप बाहेर काढण्यात आले. ३० मार्च १९७७ रोजी अटका झाल्या. २८ सप्टेंबर १९७८ रोजी सत्र न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली, ६ एप्रिल १९७९ रोजी उच्च न्यायालयाने ती कायम केली, १७ नोव्हेंबर १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा अमलात आली.

आता हेगडेच्या चिठ्ठ्यांकडे परत येऊ. पहिली चिठ्ठी म्हणते, मुलगा आपखुशीने गेला. दुसरी म्हणते, मुलगा आमच्या ताब्यात आहे, पैसे द्या. ही दोन विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. आज कागदावर मांडून पाहताना ही विसंगती लगेच दिसते. पण ज्या काळात ती घडत होती, त्या काळात पहिल्या चिठ्ठीचे बळ किती मोठे असेल हेही समजून घेतले पाहिजे. कॉलेजातला मुलगा घर सोडून जातो, ही सगळ्यांच्या ऐकिवातली गोष्ट. तिला पुरावा लागत नाही. बेपत्ता माणसाच्या खुनात मारेकऱ्याचे खरे हत्यार म्हणजे अशी आयती गोष्ट. प्रेत लपवण्याआधी तो माणूस कुठे गेला याचे उत्तर तयार ठेवले जाते, आणि ते उत्तर नेहमी आपल्या समजुतींतूनच उचललेले असते.

मी घुग्घुसला राहतो. इथे ही गोष्ट रोज कानावर पडते. कोळसा, सिमेंट आणि लोखंडाचे हे गाव. परप्रांतातून आलेले कामगार, ट्रकचालक, कंत्राटावरची माणसे यांची कायम ये-जा. त्यातला एखादा दिसेनासा झाला, तर शेजारी म्हणतात, ‘गावाकडे गेला असेल.’ बाई दिसेनाशी झाली, तर ‘कुणाबरोबर गेली असेल.’ मोहफुले, तेंदूपाने वेचायला गेलेला परतला नाही तर वाघाचे नाव येते. गडचिरोलीच्या बाजूला कित्येक वर्षे आणखी एक उत्तर तयार होते, ते सर्वांना माहीत आहे. यातले प्रत्येक उत्तर अनेकदा खरे असते. म्हणूनच ते खोट्यावर पांघरूण घालायला उपयोगी पडते.

दुसरी अडचण नोंदींची. माणूस हरवल्याची तक्रार ठाण्यात ‘मनुष्य मिसिंग’ म्हणून एका वहीत जाते. बेवारस प्रेत सापडले की ‘अकस्मात मृत्यू’, आपल्या विदर्भात ‘मर्ग’, म्हणून दुसऱ्या वहीत. खुनाचा गुन्हा तिसरीकडे नोंदला जातो आणि तोही संशयाला काही आधार मिळाल्यावर. पहिल्या दोन वह्या एकाच ठाण्यातल्या असतील तर त्या निदान एका टेबलावर येऊ शकतात. पण प्रेत हद्द पाहून थांबत नाही. घुग्घुसची वर्धा नदी घ्या. एका तीरावर चंद्रपूर जिल्हा, पलीकडे यवतमाळचा वणी तालुका. वढ्याला पैनगंगा मिळाली की दोन्ही तीर चंद्रपूरचे. आणखी खाली उजवा तीर तेलंगणाचा. पुढे वैनगंगेला मिळून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पुराच्या दिवसांत इथे हरवलेले कुणी तिकडे सापडले, तर एक नोंद मराठीत असेल आणि दुसरी तेलुगूत.

हे नुसते तर्क नाहीत. शीना बोरा प्रकरणात मुंबईतून २४ एप्रिल २०१२ रोजी ती तरुणी दिसेनाशी झाली. २३ मे २०१२ रोजी रायगडच्या पेण तालुक्यात एक जळालेले प्रेत सापडले आणि त्याचे अवशेष जे. जे. रुग्णालयात तपासणीसाठी गेले. ओळखीच्या लोकांत ती परदेशी गेल्याचा समज होता. ऑगस्ट २०१५ मध्ये एका वेगळ्याच अटकेतून दुवा निघेपर्यंत मुंबईतले हरवणे आणि पेणमधले सापडणे तीन वर्षे एकमेकांना भेटले नाही. दोषी कोण, हा प्रश्न न्यायालयाचा. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की मधले अंतर शंभर किलोमीटरही नव्हते.

या फटीत हौशी शोधक येतो. तो नवा नाही. १९७६ च्या डिसेंबरात अंधार पडला की पुणेकर दारे लावून घेत, आणि त्या बंद दारांआड घरोघरी तपास चाले. आज तोच तपास समाजमाध्यमांवर चालतो आणि त्यात हजारो अनोळखी लोक एका वेळी भाग घेतात. त्याचे दोन चेहरे आहेत, आणि दोन्हींची उदाहरणे अमेरिकेतली का असेनात, आपल्याला ठाऊक असावीत.

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. १८ तारखेला तपास यंत्रणेने दोन संशयितांची छायाचित्रे जाहीर केली. त्याआधी महिनाभर, १६ मार्चपासून, भारतीय वंशाचा एक विद्यार्थी शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातून बेपत्ता होता. घरच्यांनी त्याचे फोटो सर्वत्र लावले होते. हौशी शोधकांनी तो चेहरा संशयिताच्या चेहऱ्याशी जुळवला आणि एका रात्रीत तो ‘दहशतवादी’ ठरला. मुलाला शोधणाऱ्या कुटुंबावर शिव्यांचा पाऊस पडला. खरे संशयित दुसरेच निघाले. २३ एप्रिलला त्या विद्यार्थ्याचे प्रेत नदीत सापडले. या लोकांना शोधायची हौस होती, पण त्यांनी दोन चेहऱ्यांच्या मध्ये स्वतःची गोष्ट भरली. बेपत्ता माणूस हा रिकामा साचा असतो, त्यात हवे ते ओतता येते. मारेकरीही तेच करतो.

दुसरे उदाहरण केंटकी राज्यातले. मे १९६८ मध्ये जॉर्जटाउन गावाजवळ तंबूच्या कापडात गुंडाळलेले एका तरुणीचे प्रेत मिळाले. ओळख पटली नाही. लोक तिला ‘तंबूतली मुलगी’ म्हणू लागले आणि त्याच नावाने तिचे दफन झाले. ज्याला ते प्रेत सापडले होते, त्याचा जावई टॉड मॅथ्यूज. तो टेनेसीत कारखान्यात काम करणारा साधा माणूस. त्याने जवळजवळ दहा वर्षे एकच काम केले : त्या काळात त्या भागातून कोण कोण हरवले, याचा माग. १९९८ साली इंटरनेटवर त्याला एका बहिणीने लिहिलेला मजकूर दिसला. तिची बहीण १९६७ च्या अखेरीस लेक्सिंग्टनमधून नाहीशी झाली होती. त्याने तो दुवा अधिकाऱ्यांना कळवला, अवशेष पुन्हा काढले गेले आणि डीएनए चाचणीने ओळख पक्की झाली. तीस वर्षांनी त्या थडग्यावर खरे नाव आले. मारेकरी कोण, हे मॅथ्यूजने कधी घोषित केले नाही. त्याने दोन वह्या जुळवल्या. पुढे अमेरिकेत बेपत्ता माणसे आणि अनोळखी प्रेते यांची राष्ट्रीय नोंदणी उभी राहिली, तेव्हा त्या कामात त्याचा उपयोग करून घेण्यात आला.

या दोघांची तुलना केली की हौशी माणसाची जागा नेमकी कुठे, हे कळते. आरोपी ठरवायला साक्षी-पुरावे, उलटतपासणी आणि न्यायालय लागते. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीलाही न्यायालय सहसा अन्य पुराव्याचा आधार मागते. हेगडेच्या बाबतीत असा ठसठशीत आधार तळ्यातल्या पिंपाने दिला. प्रेत मिळालेच नाही तरी खून सिद्ध होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रामानंद खटल्यात स्पष्ट केले आहे. पण तेव्हा परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी तितकीच भक्कम लागते. बाहेरच्या माणसाच्या हाती असली साखळी नसते. त्याच्या हाती वेळ असतो, चिकाटी असते आणि हद्द ओलांडायची मुभा असते. ठाणेदाराची बदली होते. बहिणीची होत नाही.

व्यवस्थाही काही प्रमाणात बदलली. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला की बालक हरवल्याची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा. देशभरची ठाणी संगणकाने जोडण्याचे काम २००९ पासून चालू आहे. प्रौढ माणसासाठी मात्र अजून बहुधा ‘मनुष्य मिसिंग’चीच वही उघडते आणि कायद्याने तो मृत मानला जायला सात वर्षे काहीच खबर नसावी लागते.

मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ हा छोटा कार्यक्रम लागत असे. एक फोटो, नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचे कुठे दिसले. त्यात संशय नसे, कथा नसे. आज इतकी साधने हाताशी असताना त्या कार्यक्रमाची शिस्त पुन्हा आठवावी असे वाटते. आमच्यासारख्या आडगावच्या हौशी अभ्यासकांना करण्याजोगे एक काम समोर पडले आहे. वाचनालयांत जुन्या जिल्हा वृत्तपत्रांचे गठ्ठे आहेत. त्यांत हरवल्याच्या जाहिराती आहेत आणि आतल्या पानांवर ‘अनोळखी इसमाचे प्रेत’ अशा चार ओळींच्या बातम्या आहेत. तारीख, ठिकाण, वय, खुणा एवढेच टिपून नदीकाठच्या गावांनुसार दोन याद्या करायच्या, शेजारी ठेवायच्या, आणि काही जुळलेसे वाटले तर ते चव्हाट्यावर न नेता संबंधित ठाण्याला लेखी कळवायचे. वणीच्या अंकांसाठी वणीला जावे लागेल, पलीकडच्या तेलुगू अंकांसाठी ती लिपी वाचणारा सोबती लागेल. राजुऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत असे सोबती भेटणे अवघड नाही.

हेगडे तळ्याच्या तळाशी असताना त्याच तळ्याकाठी सुट्टीच्या दिवशी मुले खेळत होती, आणि त्याच्यानंतर आणखी नऊ माणसे मेली. त्याचा शोध आधी लागला असता तर ती वाचलीच असती, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण ‘गेला असेल कुठेतरी’ हे वाक्य तोंडातून निघण्यापूर्वी, तो शेवटचा कुणाबरोबर आणि कधी दिसला, एवढे तरी लिहून ठेवण्याची सवय आपण लावून घेऊ शकतो.