घोड्याची परीक्षा आणि परीक्षकाची परीक्षा

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी उरकली, बांध्या मोकळ्या झाल्या, की शंकरपटाचे दिवस येतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती थांबल्या होत्या. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने ती ग्राह्य धरली. पटावर पंचाचे काम सोपे नसते. परंतु त्याला रेषेचा आणि घड्याळाचा मोठा आधार असतो. हरलेल्या जोडीचा धनी कितीही तणतणला, तरी रेषा त्याच्याकरिता जागची हलत नाही.

घोडेस्वारीच्या ड्रेसाज नामक प्रकारात परीक्षकाला हा आधार मिळत नाही. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा आखलेल्या रिंगणात स्वार एकटाच येतो आणि ठरलेल्या क्रमाने घोड्याला चालवतो, वळवतो, थांबवतो. लगामाची ओढ किंवा मांडीचा दाब पाहणाऱ्याच्या नजरेस पडू नये आणि तरीही घोड्याने नेमके ऐकावे, ही त्यातील खुबी. प्रत्येक हालचालीस शून्यापासून दहापर्यंत गुण मिळतात. ते द्यायचे परीक्षकाने केवळ आपल्या डोळ्यांवर भिस्त ठेवून. मग त्या डोळ्यांची परीक्षा कोणी घ्यावी?

घोडा पारखण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्येचे ग्रंथ पिढ्यान् पिढ्या चालत आले. मराठी मुलखात देवमण असलेला घोडा शुभ मानीत आणि पंचकल्याणी घोड्याचे कौतुक करीत. पण अंगावरचा भोवरा पाहणे निराळे आणि लष्कराच्या हजेरीत घोडा तपासणे निराळे. चांगला घोडा दाखवून पगार घ्यावा आणि मोहिमेवर मरतुकडे तट्टू न्यावे, किंवा एकच घोडा दोनदा मोजून घ्यावा, ही लबाडी दिल्लीच्या सुलतानांच्या काळापासून ठाऊक होती. म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली आणि अकबराने ती पुन्हा कडक केली. मराठ्यांच्या फौजेत बारगिराचा घोडा सरकारी पागेतला असे, शिलेदाराचा त्याच्या स्वतःच्या पदरचा. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी व्यवस्था सांगितली आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे असेच घोडदळ पूर्वेकडे छत्तीसगडात आणि तेथून पुढे बंगाल्यात गेले. डागाने घोडा ओळखता येई हे खरे. परंतु डाग देणारा मनुष्य सचोटीचा आहे किंवा कसे, हे कोणत्याही डागाने कळत नसे.

युरोपात हीच अडचण क्रीडांगणावर उभी राहिली. १९१२ पासून ड्रेसाजला ऑलिम्पिकमध्ये स्थान आहे. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे बर्टिल सँडस्ट्रॉम या स्वीडिश स्वाराने जीभ टाळ्याला लावून घोड्याला चुचकारले असा ठपका आला आणि त्याला शेवटच्या क्रमांकावर ढकलण्यात आले. तो आवाज आपल्या खोगिराच्या करकरण्याचा, असे त्याचे म्हणणे होते. खोगिराची साक्ष कोण काढणार!

याहून मोठा गवगवा झाला तो १९५६ साली. त्या वर्षीचे ऑलिम्पिक मेलबर्नला होते. पण ऑस्ट्रेलियात परदेशी घोडे आणण्यावर कडक निर्बंध असल्याने घोडेस्वारीच्या स्पर्धा जून महिन्यात स्टॉकहोमला झाल्या. तेथे जर्मन परीक्षकाने पहिले तिन्ही क्रमांक जर्मन स्वारांना दिले आणि स्वीडिश परीक्षकाने स्वीडिश स्वारांना. दोघेही अश्वविद्येत मुरलेले होते. त्यामुळे अज्ञानाची सबबही उरली नाही. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने दोघांना दूर केले, आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजची सांघिक स्पर्धाच ठेवली नाही. चूक परीक्षकांची, शिक्षा स्वारांना, असा हा न्याय झाला. कालांतराने रिंगणाभोवती निरनिराळ्या बाजूंना अधिक परीक्षक बसू लागले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांची संख्या सात होती. समोरून सरळ दिसणारा घोडा बाजूने पाहता वाकडा चाललेला असू शकतो.

किती बारीक अंतरावर निकाल लागतो, हे २०२३ च्या सप्टेंबरात हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत दिसले. भारताच्या चौघांच्या संघाने २०९.२०५ गुणांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. अश्वारोहणातले भारताचे याआधीचे सुवर्ण १९८२ चे. दुसरा आलेला चीन आणि तिसरे आलेले हाँगकाँग यांच्यात अंतर होते अवघे ०.०३० गुणांचे.

याच विद्येची अमेरिकेतील धाकटी शाखा म्हणजे वेस्टर्न ड्रेसाज. तेथील गुराख्यांची खोलगट, पुढे खुंटी असलेली खोगिरे आणि गुरे वळताना अंगवळणी पडलेली त्यांची स्वारी यांना ड्रेसाजची शिस्त लावण्याचा हा उद्योग. २०१० साली त्याची संस्था निघाली. कोणत्याही जातीचा घोडा चालतो; त्यामुळे देखणेपणावर भाळणारा परीक्षक येथे कामाचा नाही. परीक्षकाचा परवाना अमेरिकेचा अश्वारोहण महासंघ देतो आणि त्याच्या दोन पायऱ्या आहेत. उमेदवाराला वर्ग आणि परीक्षा यांतून जावे लागते, त्याचप्रमाणे जाणत्या परीक्षकांच्या शेजारी बसून शिकावे लागते. परीक्षकाची नजर घोड्यावरून हलता कामा नये, म्हणून तो गुण आणि शेरा तोंडाने सांगतो आणि जवळचा लेखनिक ते टिपून घेतो. स्पर्धा आटोपली की तो कागद स्वाराच्या हाती पडतो. कोणत्या वळणावर गुण का गेले, ते त्यावर परीक्षकाच्या सहीनिशी लिहिलेले असते.