लम्पीची लस आणि विषाणूंची अदलाबदल

लस टोचायची का नको, असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

लम्पीची पहिली नोंद १९२९ ची, आफ्रिकेतल्या झांबियाची. पुढं जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूची लस निघाली. २०१७ ला रशियातल्या साराटोव्ह भागात गुरांत वेगळाच विषाणू सापडला. त्याचा काही भाग लसीतल्या विषाणूचा, काही केनियातल्या विषाणूचा! रशियात जिवंत लम्पी लसीला परवानगीच नव्हती. पण शेजारच्या कझाकस्तानात केनियात बनलेली लस वापरली होती.

ती लस तपासली, तर एकाऐवजी तीन विषाणू निघाले: लसीचा, केनियातल्या लम्पीचा आणि शेळ्यांच्या देवीचा. दोन विषाणू एकाच पेशीत वाढले, की नक्कल होताना त्यांच्या जनुकांचे तुकडे अदलाबदल होतात. लस बनवतानाच हे घडलं, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष. असे मिश्र विषाणू पुढं चीन (२०१९), व्हिएतनाम (२०२०), थायलंड (२०२१) इथंही सापडले.

म्हणून लस वाईट का? नाही. २०१६ पासून ग्रीस, बल्गेरिया, सर्बियात जिवंत लसीनंच साथ आटोक्यात आणली. दोष भेसळीचा, लसीकरणाचा नव्हे.

तेव्हा लस टोचून घ्याच. पण डॉक्टरांकडूनच, आणि बाटलीवरचं नाव, बॅच नंबर, तारीख वहीत लिहून ठेवा. उद्या काही झालं तर शोध तिथूनच लागतो.