खिशातली सिस्टिम

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी सरकवायची, बटण दाबायचं, डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत चढली की कामाला लागायचं. १६० किलोबाइटची ती चकती काढून घेतली की मागे उरे नुसतं यंत्र. १९८३च्या पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसली आणि सिस्टिम यंत्राच्या पोटात गेली. खिशात सिस्टिम घेऊन फिरण्याची सवय तिथून मोडत गेली.

ती पुन्हा रुजवली जर्मनीतल्या क्लाउस नॉपर यांनी. २००० साली आलेल्या त्यांच्या ‘नॉपिक्स’ या सिस्टिममध्ये ७०० मेगाबाइटच्या सीडीवर सुमारे दोन गिगाबाइट सॉफ्टवेअर दाबून भरलेलं असे, लागेल तेवढाच भाग वाचताना उलगडायचा. त्याहून मोठी करामत म्हणजे, समोरचं यंत्र कोणतंही असो, त्याचं ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड, माउस ती स्वतःच ओळखून घ्यायची. हार्ड डिस्कवर एक अक्षरही न लिहिता. विंडोज बंद पडलेल्या संगणकातून फोटो आणि हिशेबाच्या फायली बाहेर काढायला ही सीडी किती कामी आली, ते दुरुस्ती करणाऱ्यांना विचारावं.

सीडीची अडचण एकच: तिच्यावर काही साठवता येत नसे. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जाई. पेनड्राइव्हने ती सोडवली, पण लगेच नाही. सुरुवातीचे पेनड्राइव्ह जेमतेम ८ मेगाबाइटचे, आणि अनेक जुन्या संगणकांचं बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, यूएसबीवरून सिस्टिम सुरू करायलाच तयार नसे. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी आणलेली ‘पपी’ ही सिस्टिम इतकी लहान, की अख्खी मेमरीत मावे आणि आपलं काम एका फाइलमध्ये जपून ठेवी. ‘टेल्स’ ही अशीच दुसरी सिस्टिम मात्र मुद्दामच सगळं विसरते. २०१३ साली अमेरिकी सरकारची गुपितं उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांशी संपर्कासाठी तीच वापरली.

मायक्रोसॉफ्टनेही २०१२ साली पेनड्राइव्हवरून चालणारं ‘विंडोज टू गो’ आणलं. चालू असताना पेनड्राइव्ह उपसला तर पडदा गोठे. ६० सेकंदांत परत लावला की काम पुढे सुरू. २०२० साली ते काढून टाकण्यात आलं.

नॉपिक्स मात्र टिकली, आणि तिच्यातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग नॉपर यांच्या घरातून आलेला आहे. त्यांच्या पत्नी एड्रियान दृष्टिबाधित आहेत. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर ‘एड्रियान’ एवढा शब्द टाइप केला, की संगणक बोलू लागतो. बाणाची कळ दाबावी तसा मेनूतला एकेक पर्याय वाचून दाखवतो.