मोडी, ग्राफिटी आणि लिपीची मालकी

१९९६ साली पाम पायलट ही तळहातावर मावणारी विद्युत् रोजनिशी आली. तिच्यावर लिहायचे ते ‘ग्राफिटी’त: बहुतेक रोमन अक्षरे लेखणी न उचलता, एकाच रेघेत. उंब्रज-कराडकडच्या जुन्या महसुली कागदांतली मोडीही हात न उचलण्याच्या सोयीतूनच रुळलेली. मात्र मोडीत प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे चाले. ग्राफिटीत यंत्राचे वळण गिरवावे लागे. ‘टीलस्क्रिप्ट’ या पूरक प्रणालीने हे नाते उलटवले: आता वापरणाऱ्याची वळणे यंत्राने शिकायची. पुढे झेरॉक्सच्या पेटंट-दाव्यापायी २००३ मध्ये पामने ग्राफिटीच बदलली. छापखान्यात बाळबोध स्थिरावली, तशी मोडी मागे पडली. पण तिला मालक नव्हता. मालकीची लिपी न्यायालयातही संपू शकते, याची नोंद लिपीच्या अभ्यासकाने घ्यायला हवी.