विद्यालयाचे नाव कोण कमावतो?

व्यापारी पेढीस जशी पत लागते तशीच ती विद्यालयासही लागते. पेढी बुडाली तर ठेवीदाराचे पैसे जातात. विद्यालयाचे नाव पोकळ निघाले तर मुलाच्या आयुष्यातील तीन-चार वर्षे जातात, आणि ती कोणत्याही न्यायालयात दावा लावून परत मिळत नाहीत. दरसाल बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी कॉलेजांची रंगीत माहितीपत्रके येऊन पडतात, चौकाचौकांत फलक झळकतात, आणि आईबाप बँकेचे कर्ज काढून त्यांपैकी एका नावावर भरवसा ठेवतात. हे नाव येते कोठून आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. म्हणून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजची पहिल्या वीस-पंचवीस वर्षांची हकीकत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ती पुष्कळांस ठाऊक आहे. पण टिळक-आगरकरांच्या वादाच्या अंगाने. नावलौकिक कसा जोडला गेला, या अंगाने ती सहसा कोणी सांगत नाही.

या कॉलेजचे मूळ न्यू इंग्लिश स्कूल. ही शाळा इ. स. १८८० च्या जानेवारीत निघाली. पुण्यात तेव्हा सरकारी हायस्कूल होते. येरवड्याकडे दगडी इमारतीत डेक्कन कॉलेज होते आणि तेथे विलायतेहून आलेले प्राध्यापक शिकवीत. नव्या शाळेजवळ इमारत नव्हती, पैसा नव्हता, सरकारचे पाठबळ नव्हते. होते ते एकच, विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव. १८७४ पासून चाललेल्या निबंधमालेने ते घराघरांत पोचले होते, आणि सरकारी शाळेतील नोकरी सोडून शास्त्रीबुवा स्वतःची शाळा काढतात ही गोष्टच लोकांच्या मनावर ठसणारी होती. त्यांच्या जोडीला टिळक व माधवराव नामजोशी होते. पुढे वामन शिवराम आपटे व १८८१ त आगरकर येऊन मिळाले.

परंतु थोरांचे नाव पाहून पालक मुलास एक वर्ष पाठवील. दुसऱ्या वर्षी तो निकाल पाहील. हे त्या मंडळींस पक्के ठाऊक होते. आपट्यांनी शाळेची शिस्त व अभ्यास यांचा भार उचलला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सर्व मुंबई इलाख्यात मानाची. ती या नवख्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी आरंभीच्या वर्षांतच एकाहून अधिक वेळा पटकावली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर याहून मोठी जाहिरात नाही. त्यातच १८८१ त आपट्यांचे संस्कृत रचनेवरील इंग्रजी पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि ज्यांनी पुणे डोळ्यांनी पाहिले नव्हते अशा विद्यार्थ्यांच्या हातीही या शाळेच्या शिक्षकाचे काम जाऊन पडले.

१८८२ साल मोठ्या कसोटीचे गेले. मार्चमध्ये चिपळूणकर वारले. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत जे लिहिले गेले त्यावरून टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली व त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. शाळेचे दोन आधारस्तंभ तुरुंगात आणि एक स्वर्गवासी, अशा वेळी कोणत्याही संस्थेचा पट ओस पडावयाचा. झाले उलट. लोकांनी या मास्तरांस शूर ठरविले. कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतल्यामुळे त्या दरबाराशी संस्थेचा जिव्हाळा जुळला, आणि पुढे तेथील छत्रपतींचा आश्रय संस्थेस लाभला. त्याच वर्षी सरकारी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष सर विल्यम हंटर शाळा पाहून गेले. आपट्यांनी आयोगापुढे साक्षही दिली. हंटरसाहेबांनी शाळेचा जो गौरव केला त्याचा उपयोग संस्थाचालकांनी पुढे वर्षानुवर्षे करून घेतला. यात आम्हांस काही गैर दिसत नाही. स्तुती खरी असेल आणि ती करणारा पाहून-सवरून बोलत असेल, तर ती चार लोकांस दाखविणे हा व्यवहार आहे.

हा व्यवहार सांभाळणारे गृहस्थ म्हणजे नामजोशी. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही याची आम्हांस खंत वाटते. टिळकांची विद्वत्ता, आगरकरांचा त्याग यांची चरित्रे झाली. पण संस्थानिकांकडे व सरदारांकडे खेटे घालून देणग्यांचे आकडे मिळविणारा माणूस मागे राहिला. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. वेडरबर्न, वर्डस्वर्थ यांसारखे इंग्रज तिच्या पाठीशी होते. २ जानेवारी १८८५ रोजी कॉलेज उघडले ते एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ यांच्या हस्ते. हे कवी वर्डस्वर्थचे नातू. पहिले प्राचार्य अर्थातच आपटे.

आणि नाव? स्वदेशी बाण्याच्या या मंडळींनी कॉलेजला मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिले. गव्हर्नरांनी स्वतः दिलेली देणगी बाराशे रुपयांची सांगतात. त्या काळीही ही रक्कम काही डोळे दिपविणारी नव्हती. पण नावाचा मोबदला निराळ्या मार्गाने मिळावयाचा होता. ज्या सरदार-संस्थानिकांस सरकारची मर्जी सांभाळावी लागे त्यांना या नावामुळे देणगी देण्यास हरकत उरली नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नावही याच जातीचे, आणि गंमत अशी की त्याचे धागेही हिंदुस्थानाशी जुळलेले. एलिहू येल हा मद्रासच्या किल्ल्याचा गव्हर्नर होता. तेथे त्याने अमाप संपत्ती मिळविली. १७१८ त त्याने तेथील एका लहानशा कॉलेजला मालाचे गठ्ठे, ४१७ पुस्तके व राजाची तसबीर पाठविली. माल विकून सुमारे ५६२ पौंड आले आणि कॉलेजने त्याचे नाव धारण केले. आपल्याकडे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लाखांची देणगी देऊ केली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. तेव्हा नाव देण्याघेण्याची चाल काही नवी नाही. परंतु येल किंवा फर्ग्युसन या साहेबांची चरित्रे आज कितीजण वाचतात? त्यांच्या नावांना जे वजन आले ते नंतर तेथे शिकविणाऱ्यांनी आणले.

ते कसे आणले, हा या हकीकतीचा गाभा आहे. सोसायटीच्या आजीव सभासदाने वीस वर्षे शिकविण्याची प्रतिज्ञा करावी आणि अल्प वेतनात राहावे, असा शिरस्ता पडला. पुढे पुष्कळ वर्षे हे वेतन दरमहा ७५ रुपये होते. सरकारी कॉलेजातील प्राध्यापकास याच्या कितीतरी पट मिळे. हा त्याग सर्वांस दिसत होता व मोजता येत होता. कोकणातला गरीब बाप मुलास पुण्यास धाडताना आपला मुलगा कोणाच्या हाती देतो आहोत हे जाणत असे.

याच मुद्द्यावर संस्था फुटण्याच्या बेतास आली. आजीव सभासदांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, बाहेरच्या कामांत वेळ घालवावा की नाही, यावर खटके उडू लागले. आपला सगळा वेळ संस्थेचाच, असे टिळकांचे म्हणणे. इतरांचा प्रश्न असा की, पोरेबाळे असलेल्या माणसाने चाळीस-पन्नास रुपयांत संसार कसा करावा? १८९० त गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि ठिणगी पडली. टिळकांनी त्या वर्षाच्या अखेरीस लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला. कोणाचे बरोबर, हे ठरविणारे आम्ही कोण? आम्ही स्वतः शिक्षकाच्या पगारावर घर चालविले असल्यामुळे आगरकर-गोखल्यांची अडचण आम्हांस समजते. पण टिळकांनी ओळखले होते ते असे की, ज्या व्रतावर संस्थेचे नाव उभे आहे ते व्रत ढिले पडले तर नाव फार दिवस टिकणार नाही.

नाव टिकले ते पुढच्यांनीही शब्द पाळला म्हणून. १८९२ त आपटे गेले. आगरकर प्राचार्य झाले व १८९५ त अवघ्या एकोणचाळीसाव्या वर्षी गेले. गोखल्यांनी इमारतीसाठी दारोदार वर्गणी गोळा केली आणि १९०२ साली निवृत्ती घेतली. त्याच वर्षी प्राचार्यपदी आले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ त केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाला होता. असा मान मिळविणारे ते पहिले हिंदी. मोठ्या पगाराच्या जागा त्यांना दुर्लभ नव्हत्या. ते परत आले ते ७५ रुपयांवर. रँग्लर परांजपे गणित शिकवितात एवढे सांगितले की पुढे काही सांगावे लागत नसे.

तरी नावलौकिकास एक पीडा असते. तो दोघांपाशी राखावा लागतो. १९०५ त विदेशी कापडाची होळी झाली तेव्हा याच परांजप्यांनी विद्यार्थी सावरकरांस दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढले. सरकारदरबारी कॉलेजची अब्रू राहिली, लोकांत गेली. अनुदान एकाकडून आणि विद्यार्थी दुसऱ्याकडून, अशा संस्थेस ही तारेवरची कसरत चुकत नाही.

आता हा हिशेब सरकारनेच हाती घेतला आहे. १९९४ पासून कॉलेजांचे मूल्यांकन करणारी 'नॅक' आहे. २०१६ पासून विद्यापीठांची व २०१७ पासून कॉलेजांची क्रमवारी प्रसिद्ध होते. त्या क्रमवारीत लोकांचे मत काय आहे यालाही गुण असतात, म्हणजे नावास नावाबद्दल गुण! अमेरिकेत ही क्रमवारीची प्रथा आपल्याआधीची, १९८३ पासूनची. तेथे २०२२ साली एक प्रकरण घडले. बाबासाहेब आंबेडकर जेथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठ एका वर्षात दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरले. कारण त्याने दिलेले आकडे बरोबर नाहीत असे त्याच विद्यापीठातील गणिताच्या एका प्राध्यापकाने आकडेमोड करून दाखविले. आपल्याच संस्थेविरुद्ध लिहिणाऱ्या त्या गृहस्थाने आमच्या मते तिचे नाव बुडविले नाही, राखले.

माहितीपत्रक हाती आले की आम्ही ओळखीच्या पालकांना तीन गोष्टी विचारून घेण्यास सांगतो. कायम नेमणुकीचे शिक्षक किती, त्यांपैकी दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच असलेले किती, आणि गेल्या तीन वर्षांत प्रवेश घेतलेल्यांपैकी किती मुले पुरी पदवी घेऊन बाहेर पडली? उत्तर द्यावयास संस्थेला किती दिवस लागतात तेही मोजावे.

आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० त निघाला. एकशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो छापला जातो, आणि काशीपासून केरळापर्यंत संस्कृतचा विद्यार्थी तो उघडतो. मूळ आवृत्तीत ग्रंथकाराच्या नावाखाली त्यांचे पद छापलेले आहे : प्राचार्य, फर्ग्युसन कॉलेज, पुणे.